पुतळ्याच्या पडद्याची दोरी

साताऱ्याच्या गेंडामाळावर ८ सप्टेंबर १८५७ रोजी सतरा माणसांना देहान्ताची शिक्षा देण्यात आली. पाच जणांना फाशी दिले, सहा जणांना तोफेच्या तोंडी बांधून उडविले आणि सहा जणांवर बंदुका झाडल्या. आरोप एकच, बंडाच्या कटाचा. पण मरणाचे प्रकार मात्र तीन. माणूस मारावयाचा एवढाच हेतू असता तर एका दोरावर काम भागले असते. परंतु शिक्षा मेलेल्यासाठी नव्हतीच मुळी, ती जिवंत राहिलेल्या साताऱ्यासाठी होती. मेलेल्यांत रंगो बापूजी गुप्ते यांचा मुलगा सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी सरकारच्या हाती कधीच लागले नाहीत.

आता दुसरी गोष्ट पाहा. त्यानंतर नव्वद वर्षे इंग्रजांचे राज्य येथे चालले. त्या नव्वद वर्षांत त्यांनी या देशात केवढे दगड उभे केले! राण्यांचे, राजपुत्रांचे, गव्हर्नरांचे, सेनापतींचे पुतळे. विजयस्तंभ, कमानी, कारंजी. गेंडामाळावर मात्र सरकारच्या हातून एक चिराही लागणे शक्य नव्हते. ज्यांना आपण मारले त्यांची नावे आपल्याच खर्चाने कोरणारे सरकार अजून जन्माला यावयाचे होते. स्मारक म्हणजे आठवणीची सोय असे आपण समजतो. ते खरेच आहे, पण अर्धे. स्मारक ही विस्मरणाचीही सोय असते, आणि अनियंत्रित सत्तेला या दुसऱ्या अर्ध्याची गरज अधिक वाटते. अनियंत्रित सत्ता हा शब्द मी येथे साध्या अर्थाने वापरतो आहे. ज्या सरकारला प्रजा मतपेटीतून घरी पाठवू शकत नाही, ते अनियंत्रित सरकार. मग ते लंडनहून चालो, रोमहून चालो की लिस्बनहून.

साताऱ्याचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. १८१८ च्या फेब्रुवारीत इंग्रज फौजांनी अजिंक्यतारा घेतला तेव्हा किल्ल्यावर आधी इंग्रजी निशाण चढले. मग कोणाला तरी शहाणपण सुचले. ते निशाण उतरविण्यात आले आणि त्याच जागी छत्रपतींचा भगवा झेंडा लावण्यात आला. लढाई पेशव्यांशी आहे, छत्रपतींशी नाही, असे लोकांना सांगावयाचे होते. जाहीरनामा वाचणारे किती? झेंडा दिसत होता सगळ्यांना. माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन हा फार धोरणी गृहस्थ. पराभूतांचे चिन्ह जाळण्यापेक्षा ते भाड्याने घेणे स्वस्त पडते, ही गोष्ट त्याच्या राजवटीला पहिल्याच आठवड्यात कळली होती. भाड्याच्या वस्तूची मुदत संपली की ती परत करावी लागते एवढाच काय तो फरक, आणि येथे ती उलट दिशेने संपली. १८१९ साली तह झाला, १८३९ साली प्रतापसिंह महाराजांना पदच्युत करून काशीस धाडण्यात आले, १८४७ साली ते तेथेच वारले. पुढल्याच वर्षी त्यांचे बंधू शहाजी महाराज निवर्तले आणि डलहौसीने राज्य खालसा केले. रंगो बापूजींनी लंडनमध्ये चौदा वर्षे खेटे घालून काहीही हाती लागले नाही.

खालसा झालेल्या साताऱ्यात इंग्रजांना पुतळ्यांची फारशी आवश्यकता भासली नाही, याचे मला पूर्वी नवल वाटत असे. पण कारण उघड आहे. राजाच्या वाड्यात न्यायकचेरी बसली, की वेगळा पुतळा कशाला हवा? ज्या चौकात मुजरे झडत तेथे अर्जदार कागद घेऊन तिष्ठत उभा राहू लागला. तालुक्याच्या गावी मामलेदार कचेरी, तिच्यावरील निशाण, दारातला शिपाई, हेच त्या राज्याचे खेड्यापाड्यातले स्मारक होते. ही गोष्ट ध्यानात ठेवावी. १९४२ साली आपल्याला तिच्याकडे परत यावयाचे आहे.

जेथे पाहिजे तेथे मात्र त्यांनी दगड लावले. १ जानेवारी १८१८ रोजी भीमेकाठी कोरेगावला लढाई झाली. १८२१ साली तेथे स्तंभाचा पाया घातला गेला. त्यावरचा लेख इंग्रजीत आहे आणि मराठीतही आहे. मराठीत का? इंग्रज शिपायाला मराठी वाचता येत नव्हते. तो मजकूर आपल्यासाठी होता. परंतु त्याच स्तंभावर कंपनीच्या बाजूने पडलेल्या शिपायांची नावेही कोरलेली आहेत, आणि त्यांत ‘नाक’ हे पद शेवटी असलेली बावीस नावे महार शिपायांची आहेत. ती कोरताना सरकारच्या मनात आपल्या पलटणीची शिस्त आणि शौर्य एवढेच होते. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्याच सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. म्हणजे दगडावर नाव राहिले आणि हजेरीपटावरून गेले! १ जानेवारी १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभापाशी गेले आणि त्या दिवसापासून तो स्तंभ कंपनीचा उरला नाही. सरकारने कोरलेल्या अक्षरांत एकही बदल न करता तो दुसऱ्यांचा झाला. साम्राज्याच्या विजयाचा लेख वाचावयास आज तेथे कोणी जात नाही. जातात ते त्या बावीस नावांकडे.

यापेक्षा थाटाचा प्रकार पाहावयाचा तर मुंबईस गेले पाहिजे. व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा तेथे १८७२ साली उभा राहिला. मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने तो घडविला होता. राणीबाईंना मुंबईचे ऊन लागू नये म्हणून डोक्यावर गॉथिक धर्तीची नक्षीदार मेघडंबरी होती. खर्च पावणेदोन लाखांच्या घरात. आणि तो केला कोणी? बडोद्याचे खंडेराव गायकवाड यांनी. परक्या सत्तेच्या स्मारकांचे हे एक वैशिष्ट्य आपण सहसा पाहत नाही. पुष्कळदा त्यांचा खर्च सत्ता करीतच नाही, तिच्या छायेतला कोणी तरी करतो आणि त्यालाच भक्ती असे नाव मिळते. खंडेराव महाराज पुतळा उघडला जाण्यापूर्वीच, १८७० साली, वारले. त्यांच्या मागून त्यांचे बंधू मल्हारराव गादीवर आले आणि १८७५ साली त्याच राणीच्या सरकारने मल्हाररावांना गादीवरून खाली उतरविले. पुतळा तीन वर्षांचा झाला होता.

१८९६ च्या ऑक्टोबरात एके रात्री कोणी तरी त्या पुतळ्याच्या तोंडाला डांबर फासले आणि गळ्यात जोड्यांची माळ घातली. पुढल्या वर्षी राणीच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव आला. त्याच समारंभाच्या रात्री, २२ जून १८९७ ला, पुण्याच्या गणेशखिंडीत रँडवर गोळी झाडली गेली आणि दामोदर हरी चापेकर पकडले गेले तेव्हा डांबराचाही उलगडा झाला. ते काम त्यांचेच होते. संगमरवरात डांबर असे मुरले होते की साध्या धुण्याने ते निघेना. ते काढले रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी, आणि हे गज्जर बडोद्याच्या कलाभवनामुळे नावारूपाला आलेले! पुतळा बडोद्याच्या पैशाने, सफाई बडोद्याच्या विद्येने. साम्राज्याची पांढरी शुभ्र मुद्रा टिकविण्यासाठी आमचा पैसा आणि आमची बुद्धी दोन्ही लागली. गज्जरांना मी दोष देत नाही. तो माणूस आपल्या शास्त्राला जागला, आणि देशी उद्योगांसाठी त्याने पुढे पुष्कळ केले. परंतु एका पुतळ्यामागे किती हात असतात हे यावरून कळावे.

राणी गौरविली जात होती त्याच काळात रायगडावर काय होते? महाराजांच्या समाधीवर झाडेझुडपे माजली होती. जोतीराव फुल्यांनी १८६९ साली महाराजांवर पोवाडा लिहून प्रसिद्ध केला, तेव्हा सुशिक्षितांच्या सभांतून हा विषय निघतही नसे. जेम्स डग्लस नावाच्या इंग्रज गृहस्थाने १८८३ साली आपल्या मुंबईविषयीच्या ग्रंथात त्या दुर्दशेबद्दल खेद व्यक्त केला, आणि इंग्रजाने लिहिले म्हणूनच की काय सरकारला जाग आली. समाधीच्या डागडुजीसाठी वर्षाला पाच रुपये मंजूर झाले! पाच रुपयांत दुर्लक्ष केल्याचा आरोपही टळतो आणि दुर्लक्षही चालू राहते. टिळकांनी १८९५ साली केसरीतून निधीची हाक दिली, १८९६ च्या एप्रिलात रायगडावर उत्सव भरला, आणि १८९७ साली पुण्यातील शिवाजी उत्सवाच्या निमित्ताने केसरीत आलेल्या मजकुरावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. रायगडाचा जीर्णोद्धार पुरा व्हावयास पुढे १९२६ साल उजाडले.

म्हणजे १८९७ साली महाराजांचे नाव मोठ्याने घेणे हा राजद्रोह होता. आता चोवीस वर्षे पुढे या. १९ नोव्हेंबर १९२१ रोजी पुण्यात महाराजांच्या स्मारकाची कोनशिला बसविण्यात आली आणि ती बसविली कोणी? प्रत्यक्ष इंग्लंडच्या युवराजाने! त्याच दौऱ्यात मराठा युद्धस्मारकाचाही पाया घातला गेला. हे एकाएकी झाले नाही. १९१४ च्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात लढल्या होत्या, आणि पुढेही सरकारला त्या हव्या होत्या. इकडे असहकाराची चळवळ भरात होती. युवराज १७ नोव्हेंबरला मुंबईत उतरला त्या दिवशी शहरात विलायती कापडाची होळी पेटली, दंगे उसळले आणि त्यांत पन्नासाहून अधिक माणसे मेली. दोन दिवसांनी तोच युवराज पुण्यात शिवछत्रपतींना मान देत होता. १८१८ साली अजिंक्यताऱ्यावर झाले तेच हे, फक्त झेंड्याच्या जागी कोनशिला आली.

मात्र ही बाजू एवढ्यावर सोडून देणे न्यायाचे होणार नाही. या स्मारकामागे कोल्हापूरच्या शाहू महाराजांची खटपट होती, आणि त्यांना ते सरकारचे प्यादे म्हणून हवे होते असे म्हणणे उथळपणाचे होईल. ज्या समाजाला शतकानुशतके शाळेच्या पायरीवर उभे केले नाही, त्या समाजाला आपला राजा उघड्या मैदानात घोड्यावर बसलेला दिसावा, आणि त्यापुढे सत्ताधाऱ्यानेही टोपी काढावी, ही आकांक्षा खरी होती. सरकारचा हेतू एक, स्मारक मागणाऱ्यांचा दुसरा. दोघांचा व्यवहार एका चबुतऱ्यावर जमला. शाहू महाराज १९२२ च्या मे महिन्यात गेले. पुतळ्याचे काम अखेर सासवण्याच्या विनायकराव करमरकरांकडे आले. त्यांनी तो अश्वारूढ पुतळा ब्राँझमध्ये एकसंध ओतून घेतला आणि १९२८ च्या जूनमध्ये गव्हर्नर सर लेस्ली विल्सन याने त्यावरचा पडदा काढला. आज तो पुतळा पुण्यात शिवाजीनगरला आहे. पाहणाऱ्याला करमरकरांचा घोडा आठवतो, महाराजांची बैठक आठवते. दोरी ओढणाऱ्या विल्सनसाहेबाचे नाव किती जणांना ठाऊक असेल?

हे भाड्याने घेण्याचे तंत्र इंग्रजांनीच शोधले असे नाही. याच सुमारास इटलीत मुसोलिनीने ऑगस्टस बादशहाला कामाला लावले होते. जुन्या रोममधली मध्ययुगीन घरे पाडून त्याने १९३२ साली प्राचीन अवशेषांमधून साम्राज्यपथ काढला आणि त्यावरून फौजा चालविल्या. १९३७ साली ऑगस्टसच्या द्विसहस्राब्दीचे प्रदर्शन भरविले, त्यात पाहणाऱ्याने दोन हजार वर्षांपूर्वीचा ऑगस्टस पाहावा आणि मनात मुसोलिनी आणावा अशी सोय होती. मेलेला माणूस बोलत नाही, हरकत घेत नाही आणि मोबदला मागत नाही, म्हणून हुकूमशहांना तो साथीदार म्हणून फार आवडतो.

आपल्या अगदी शेजारचे उदाहरण पाहावयाचे तर गोवा आहे. पोर्तुगालमध्ये सालाझारची एकतंत्री राजवट होती. इंग्रज गेले, फ्रेंचांनी पाँडिचेरी सोडली. सालाझार मात्र गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत असल्याचे सांगत होता. १९५५ साली सत्याग्रही सरहद्द ओलांडून गेले तेव्हा त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. आणि १९६० साली या राजवटीने जुन्या गोव्यात कामोंइश या आपल्या सोळाव्या शतकातील महाकवीचा भव्य ब्राँझ पुतळा उभारला. कवी थोर होता, गोव्यात राहून गेलेला होता, यात वाद नाही. पण साल पाहा. आपण येथे कायमचे आहोत, हे सांगण्याची त्यांना सर्वांत अधिक निकड केव्हा वाटली? जाण्याच्या आदल्या वर्षी. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. कवीचा पुतळा त्यानंतरही काही वर्षे तेथेच होता. मग त्याविरुद्ध चळवळ झाली आणि तो जुन्या गोव्याच्याच पुरातत्त्व संग्रहालयात हलविण्यात आला. चांगले झाले. कवितेला त्यामुळे काही इजा झाली नाही, आणि रस्ता मोकळा झाला.

आता आपल्या कृष्णा-वारणाकाठी परत येऊ. आजचा सांगली जिल्हा तेव्हा बराचसा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा निघाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. या भागातल्या लोकांनी सरकारच्या दगडांना दगडाने उत्तर दिले नाही, कारण दगड उभारावयास लागणारा पैसा आणि परवाना दोन्ही त्यांच्यापाशी नव्हते. शिराळा पेट्यातील बिळाशी हे गाव घ्या. १९३० च्या जंगल सत्याग्रहात तेथील लोकांनी सरकारी जंगलातला सागाचा सोट तोडून आणला आणि गावात त्यावर तिरंगा चढविला. जंगलचा कायदा त्या लाकडाने मोडला, राज्याचा कायदा त्या फडक्याने. आपल्या या विषयाच्या दृष्टीने मी त्या सोटाला स्मारकच म्हणतो. महाराष्ट्रातले विनापरवाना, लोकवर्गणीचे आणि सर्वांत स्वस्त स्मारक. सरकारलाही ते तसेच वाटले असले पाहिजे. नाही तर एक लाकूड खाली आणावयास सप्टेंबरात सशस्त्र पोलीस कशाला आले असते? लोक झेंड्याभोवती उभे राहिले आणि गोळीबारात माणसे पडली.

बारा वर्षांनी, १९४२ साली, मोर्चे निघाले ते कोठे निघाले हे पाहण्यासारखे आहे. ते गव्हर्नरच्या बंगल्यावर निघाले नाहीत. कऱ्हाड, पाटण, तासगाव, वडूज, इस्लामपूर, प्रत्येक ठिकाणी मोर्चा मामलेदार कचेरीवर गेला आणि मागणी एकच, कचेरीवर तिरंगा लागला पाहिजे. तासगावला ३ सप्टेंबर रोजी तो लागला. वडूजला ९ सप्टेंबरला पोलिसांनी गोळ्या झाडल्या. हातात झेंडा घेतलेले परशुराम घार्गे पडले, एकंदर नऊ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी इस्लामपूरला दोघे गेले. त्यांतले एक किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातील अभियंते पंड्या होते. कौलारू कचेरीच्या आढ्यावर हातभर कापड लावण्यासाठी एवढी माणसे का मेली, असे आजच्या तरुणाला वाटू शकेल. पण लोकांनी सरकारचे खरे स्मारक अचूक ओळखले होते. मुंबईची राणी त्यांनी पाहिली नव्हती. कचेरी त्यांच्या रोजच्या वाटेवर होती. पुढे प्रतिसरकार उभे राहिले, १९४३ च्या जुलैत वसंतदादा पाटील आणि त्यांचे सहकारी सांगलीचा तुरुंग फोडून बाहेर पडले आणि त्यात अण्णा पत्रावळे व बाबू जमदाडे यांनी प्राण दिले. हा इतिहास येथील घराघरांत सांगितला जातो, तेव्हा त्याचा विस्तार करीत नाही.

स्वराज्य आले. मग हा प्रश्न मिटला काय?

२३ ऑक्टोबर १९५६ रोजी बुडापेस्टच्या लोकांनी स्टालिनचा प्रचंड पुतळा पाडला. पाच वर्षांपूर्वीच तो उभारला होता आणि त्याच्या जागेसाठी तेथील चर्च पाडले होते. गॅसच्या ज्योतीने धातू कापून आणि दोर लावून लोकांनी तो ओढला. तो गुडघ्यापाशी तुटला आणि चबुतऱ्यावर फक्त बूट शिल्लक राहिले. त्यानंतर तेराच महिन्यांनी, ३० नोव्हेंबर १९५७ रोजी, आपल्या प्रतापगडावर पंडित नेहरू महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचे अनावरण करावयास आले. मुंबई राज्य तेव्हा द्वैभाषिक होते, मुख्यमंत्री कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण होते, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत ते थोडक्या मतांनी निवडून आले होते. संयुक्त महाराष्ट्र मागणाऱ्या शंभराहून अधिक माणसांनी गोळीबारात प्राण गमावले होते. महाराजांविषयी नेहरूंनी पूर्वी लिहिलेल्या मजकुराचा राग लोकांच्या मनात होता. तो मजकूर त्यांनी पुढे बदललाही होता. संयुक्त महाराष्ट्र समितीने निदर्शनांची हाक दिली. एस. एम. जोशी, आचार्य अत्रे यांच्यासारखे पुढारी आणि हजारो माणसे काळी निशाणे घेऊन पसरणी घाटात आणि पोलादपूरच्या बाजूला उभी राहिली.

या दोन प्रसंगांतला फरक बारकाईने पाहावा. बुडापेस्टला लोकांचे भांडण पुतळ्याशीच होते. प्रतापगडावर पुतळ्याशी कोणाचेही भांडण नव्हते. काळे निशाण धरणाराही मनातून त्याला मुजराच करीत होता. भांडण होते ते पडद्याच्या दोरीशी. ती कोणाच्या हातात आहे, आणि मराठी माणसाची मागणी नाकारून मराठी राजाला मान देण्याचा हा कार्यक्रम कशासाठी, एवढाच सवाल होता. इंग्रजांचे ते जुने भाड्याचे तंत्र स्वकीय सरकारलाही मोह पाडू शकते हे लोकांनी ताडले. नेहरूंना हुकूमशहा म्हणण्याचा आततायीपणा मी करणार नाही. हुकूमशहाच्या वाटेवर इतकी काळी निशाणे दिवसाउजेडी फडकत नाहीत आणि फडकली तर ती धरणारे संध्याकाळी घरी परत येत नाहीत. येथे समारंभही पार पडला, निदर्शनेही पार पडली, आणि अडीच वर्षांत, १ मे १९६० रोजी, महाराष्ट्र राज्य झाले. गोळीबार ज्या पक्षाच्या अमदानीत झाला, त्याच पक्षाच्या सरकारच्या काळात फ्लोरा फाउंटनपाशी त्या हुतात्म्यांचे स्मारक उभे राहिले. गेंडामाळाच्या मालकांना नव्वद वर्षांत जे शक्य झाले नाही ते येथे झाले, कारण या सरकारला पुन्हा मते मागावयाची होती.

मुंबईची व्हिक्टोरिया राणी आणि काळा घोडा १९६५ साली रस्त्यावरून हलले आणि भायखळ्याच्या बागेत वस्तुसंग्रहालयापाशी गेले. घोड्यावर सातवा एडवर्ड बसला होता. पण मुंबईकरांनी त्याला पहिल्यापासून काळा घोडाच म्हटले, स्वाराची दखल घेतली नाही. २०१७ साली त्या चौकात पुन्हा एक काळा घोडा बसविला, त्याच्या पाठीवर कोणीही नाही.

आपल्या सरकारांचा दगडाचा हव्यास मात्र कमी झालेला नाही. १९८० नंतर बॅरिस्टर अंतुले यांच्या कारकिर्दीत राज्यभर हुतात्मा स्मारके बांधण्याचे ठरले. हेतू निर्मळ होता, पण आराखडा साऱ्या महाराष्ट्राला एकच! वडूज वेगळे, बिळाशी वेगळी, चिमूर वेगळे. माणसे वेगवेगळ्या कारणांनी, वेगवेगळ्या तऱ्हेने मेली. त्यांची आठवण एका साच्यातून काढली की ती गावाची राहत नाही, खात्याची होते, आणि खात्याच्या वस्तूला कुलूप लागते. अगदी अलीकडे, ४ डिसेंबर २०२३ रोजी, मालवणच्या राजकोट किल्ल्यावर महाराजांच्या पस्तीस फुटी पुतळ्याचे अनावरण पंतप्रधानांच्या हस्ते झाले आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी, नऊ महिनेही भरले नव्हते तोच, तो कोसळला. साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराजांनी बांधलेला सिंधुदुर्ग समोर समुद्रात उभा, आणि किनाऱ्यावर पुतळ्याचे तुकडे. चार दिवसांनी पंतप्रधानांनी जाहीर क्षमा मागितली, गुन्हे नोंदले गेले, माणसे अटकेत गेली.

त्या आठवड्यात मालवणच्या बाजारात, एस. टी.च्या थांब्यावर, वर्तमानपत्रांत लोक जे विचारीत होते ते फार साधे होते. काम कोणाला दिले, कोणी तपासले, समारंभाची तारीख आधी ठरली की पुतळ्याची मजबुती? १९२८ साली विल्सनसाहेबाला असे कोणी विचारू शकले नसते, आणि १९६० साली जुन्या गोव्यात विचारणाऱ्याची रवानगी आग्वादच्या तुरुंगात झाली असती. येथे ते पुतळा पडल्यावर विचारले गेले. प्रतापगडाच्या घाटात ते पडदा उघडण्यापूर्वी विचारले गेले होते.